झटकन बनणारं मत कसं दाखवायचं? वाचनालयातल्या दीड तासाच्या वर्गासाठी प्रयोग सुचवा

वडगाव_वाचक

नमस्कार मंडळी. बेळगावातल्या आमच्या भागातल्या वाचनालयात रविवारी अभ्यासवर्ग असतो. या वेळचा विषय असा: माणूस समोर आला की त्याच्याबद्दल मत इतकं झटकन कसं बनतं आणि ते नेमकं कुठे घसरतं. येणारे पंचवीस-तीस जण. पतसंस्थेचे कारकून, शिक्षक, दुकानदार, एक-दोन कंडक्टर आणि पीयूसीची (अकरावी-बारावीची) मुलं. घरात मराठी, कचेरीत कन्नड, बरेच जण दोन्ही लिहू-वाचू शकणारे.

व्याख्यान नको आहे. 'पूर्वग्रह वाईट' म्हटलं की सगळे माना डोलावतात आणि चहाला उठतात. म्हणून विचारतोय:

१. प्रोजेक्टर न लागता, कागद-पेनावर भागतील असे प्रयोग कोणते? आकड्यांसकट सांगा.
२. गाजलेले पण पुढे न टिकलेले कोणते? ते चुकून घ्यायला नकोत.
३. मराठी-कन्नड आत आणावं की दाराबाहेर ठेवावं?
४. पतसंस्थेत कारकुनाची भरती आहे. मुलाखतीला लगेच उपयोगी पडेल असं काही?

आकडेमोड

एकच करायचा असेल तर चिठ्ठ्यांचा करा. हॅमिल्टन आणि गिफर्ड या दोघांनी १९७६ मध्ये छापलेला. आकडे जसेच्या तसे उचला.

एकूण ३९ वाक्यं. प्रत्येकात कुणीतरी एक माणूस, त्याचा गट आणि त्याने केलेली एक साधी गोष्ट. गट अ ची २६ वाक्यं, त्यात १८ चांगली आणि ८ वाईट. गट ब ची १३, त्यात ९ चांगली आणि ४ वाईट. म्हणजे दोन्हीकडे प्रमाण नऊला चार, तसूभर फरक नाही. वाक्यं अशी करा: 'गट अ मधल्या एकाने शेजारच्या आजींची रेशनची पिशवी घरापर्यंत नेऊन दिली.' 'गट ब मधल्या एकाने बसच्या सीटवर पिशवी ठेवून जागा अडवली.' चिठ्ठ्या पिसा आणि साधारण आठ सेकंदांना एक या वेगाने वाचा. सव्वापाच मिनिटांत संपतं. मग दोन मिनिटं दुसरंच काही करा, हजेरी घ्या, आणि त्यानंतर कागद वाटा. कागदावर त्याच ३९ गोष्टी, पण गटाचं नाव गाळून. प्रत्येकीपुढे अ की ब, एवढंच लिहायचं.

आता १२ वाईट गोष्टींपैकी ब च्या पदरात किती पडल्या ते मोजा. खरा आकडा ४, म्हणजे तिसरा हिस्सा. मूळ प्रयोगात लोकांनी निम्म्याच्या आसपास ब च्या माथी मारल्या. ब बद्दल कुणाच्याच मनात आधी काही असणं शक्य नव्हतं, कारण ब नावाचं जगात कुणीच नाही. राग नाही, इतिहास नाही, आणि तरी मत गढूळ झालं. हे पटवायला दुसरा इतका स्वच्छ प्रयोग माझ्या पाहण्यात नाही.

असं का होतं, यावर दोन मतं आहेत आणि वर्गात दोन्ही सांगा. पहिलं मूळ जोडीचं. छोटा गट क्वचित दिसतो, वाईट वागणंही क्वचित दिसतं, आणि क्वचित अधिक क्वचित असं एकत्र आलं की ते डोक्यात जास्त ठसतं. दुसरं मत क्लाउस फिडलर यांनी मांडलं. त्यांचं म्हणणं, ठसण्याबिसण्याची गरजच नाही. २६ वाक्यांतून 'बहुतेक चांगले' हे जेवढं पक्कं कळतं तेवढं १३ वाक्यांतून कळत नाही. माहिती कमी पडली की अंदाज निम्म्या-निम्म्याकडे सरकतो, आणि त्यात छोट्या गटाचं नुकसान होतं. वेळ उरला तर उलटा संचही घ्या, चांगल्या गोष्टी कमी आणि वाईट जास्त. मूळ जोडीच्या दुसऱ्या प्रयोगात तेव्हा छोटा गटच उगाच चांगला ठरला होता.

बिघडतं कुठे?

गटांना खरी नावं दिलीत की खेळ संपला. मराठी-कन्नड तर सोडाच, टिळकवाडी-शहापूर सुद्धा नको.

वाईट गोष्टींचं वजन सारखं हवं. अकरा जण रांगेत घुसले आणि एकाने सोनसाखळी चोरली, तर सगळ्यांना साखळीच आठवणार. चोरी, मारहाण, दारू हे तिन्ही वगळा.

ब ची वाईट चिठ्ठी पहिल्या किंवा शेवटच्या तीनमध्ये आली तर पुन्हा पिसा.

कारकून मंडळी बोटांवर मोजायला लागतात. 'नंतर गटांबद्दल मत विचारणार आहे' असं सांगा, 'आठवतंय का बघणार आहे' असं सांगू नका.

आणि पंचवीस जणांत प्रत्येकाचा कल दिसेलच असं नाही. सरासरी काढा. एखाद्याचा कागद वर धरून 'बघा हे कसे फसले' करू नका, फलित सरासरीत असतं आणि माणूस विनाकारण दुखावतो.

दोन_लिपी

प्रश्न ३. दाराबाहेर ठेवलंत तर खिडकीतून येईल. वर्ग बेळगावात आहे, दुसरं काय होणार! पण सुरुवात त्या जोडीने करू नका. 'कन्नड बोलणाऱ्याला किती मार्क द्याल' म्हटलं की सगळे जण जपून, सभ्य उत्तर देतात आणि हाती काहीच लागत नाही.

त्याऐवजी आवाजाचा प्रयोग घ्या. १९६० मध्ये वॉलेस लॅम्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माँट्रियलमध्ये केला. ते शहरही दोन भाषांचं, इंग्रजी आणि फ्रेंच. दोन्ही भाषा अस्खलित बोलणाऱ्यांकडून एकच उतारा दोन्ही भाषांत वाचून घेतला. ऐकणाऱ्यांना वाटलं माणसं वेगवेगळी आहेत. मग प्रत्येक आवाजाला गुण द्यायला लावले: बुद्धी, भरवसा, दिसणं, अगदी उंचीसुद्धा. इंग्रजी ऐकणाऱ्यांनी इंग्रजी वाचनाला झुकतं माप दिलं, त्यात नवल नाही. नवल हे की फ्रेंच ऐकणाऱ्यांनीही बहुतेक गुणांत इंग्रजी वाचनालाच वर ठेवलं. आपल्याच भाषेतला, आपल्यासारखाच बोलणारा माणूस त्यांनी खाली बसवला.

म्हणून इथे जोडी लावायची ती बेळगावी मराठी आणि पुस्तकी मराठी अशी. 'काय करूलालास' आणि 'काय करतो आहेस'. ही जोडी जास्त बोचते, कारण इथे झाकायला समोर दुसरं कुणी नसतं.

कृती: वाचणारे दोन, दोघेही दोन्ही ढंगांत सहज बोलणारे. उतारा पाऊण मिनिटाचा आणि नीरस, म्हणजे विजेचं बिल कुठे आणि कसं भरायचं असा. वाक्यांचा क्रम आणि माहिती तीच, बदल फक्त क्रियापदांत आणि हेलात. दोन माणसं गुणिले दोन ढंग म्हणजे चार ध्वनिफिती. त्यात दोन परके आवाज मिसळा, एकूण सहा. क्रम असा लावा की एका माणसाच्या दोन फितींमध्ये किमान दोन आवाज येतील. प्रत्येक आवाजानंतर वीस सेकंद आणि पाच रकाने, १ ते ७: हुशार, भरवशाचा, प्रेमळ, शिकलेला, उंच. 'उंच' ठेवाच. आवाजावरून उंची सांगता येत नाही हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी लोक लिहितात.

हा प्रयोग हमखास फसतो तो वाचणाऱ्यामुळे. बेळगावी म्हटलं की तो नाटकातला गडी होतो, आवाज चढवतो, शेवटी 'की' ओढतो. मग लोक भाषेला नाही, विनोदाला मार्क देतात. आधी तिघा-चौघांना ऐकवून 'हा माणूस मुद्दाम करतोय का' असं विचारा. एकानेही हो म्हटलं तर परत ध्वनिमुद्रण करा. फोन तोंडापासून दोन्ही वेळा एक वीत अंतरावर. आणि वाचणारा गावातला नको. पहिल्याच वाक्याला कुणीतरी 'हा आमच्या गल्लीतला नव्हं का' म्हणालं की झालं. चंदगड किंवा खानापूरकडचा शोधा. वाचणाऱ्यांची परवानगी घ्या, आणि वर्ग संपायच्या आत खरा प्रकार सांगा, घरी पाठवून मग नाही.

मराठी-कन्नड आणायचं ते यानंतर, आणि शब्दांच्या वाटेने. आन मास यांनी १९८९ मध्ये इटलीतल्या घोडशर्यतीत एकमेकांविरुद्ध उतरणाऱ्या मोहल्ल्यांवर काम केलं. आपल्या माणसाची चूक आणि परक्याची चूक सांगताना भाषा कुठल्या पायरीवर उभी राहते ते त्यांनी तपासलं. पायऱ्या चार, मराठीत अशा उतरतात:

'त्याने सीटवर पिशवी ठेवली.'
'त्याने जागा अडवली.'
'त्याला दुसऱ्यांची पर्वा नसते.'
'तो आडमुठा आहे.'

घटना एकच. आपल्या माणसाची चूक पहिल्या-दुसऱ्या पायरीवर राहते, परक्याची तिसऱ्या-चौथीवर जाते. चांगल्या गोष्टीत नेमकं उलटं: आपला 'दिलदार' असतो, परक्याने 'पाचशे रुपये दिले' असतात. खरं-खोटं करायची गरजच पडत नाही, पायरी बदलली की काम झालं. मराठीत पाचवी पायरीही आहे, 'हे लोक असलेच!', आणि आमच्याकडे काही जण थेट तिथूनच सुरुवात करतात.

सराव असा: पंधरा-वीस वाक्यं मराठी वर्तमानपत्रातल्या वाचकपत्रांतून आणि तितकीच कन्नड वर्तमानपत्रांतून काढा, गावं-नावं गाळा, आणि जोडीजोडीने प्रत्येक वाक्य पहिल्या पायरीवर उतरवायला सांगा. काही वाक्यं उतरतच नाहीत, कारण त्यांच्या तळाशी घटनाच नसते. ती वेगळी ठेवा, चर्चा तिथेच रंगते.

निपाणी_वखार

प्रश्न २ चं उत्तर आखूड आहे. तीन गोष्टी टाळा.

म्हातारपणाचे शब्द वाचून लोक हळू चालतात हा १९९६ चा प्रयोग. २०१२ मध्ये बेल्जियममधल्या गटाने चालण्याचा वेळ यंत्राने मोजला तेव्हा परिणाम दिसला नाही. त्यांच्याच दुसऱ्या प्रयोगात दिसला, पण 'लोक हळू चालणार' असं ज्या मदतनिसांना आधी सांगून ठेवलं होतं त्यांच्याच गटात.

भुकेले न्यायाधीश जेवणाआधी जामीन नाकारतात वगैरे. मुळात तो पॅरोलचा मामला होता, आणि खटले कुठल्या क्रमाने पुढे येतात हे नशिबावर नव्हतं असा सबळ आक्षेप आहे.

संगणकावर कळा दाबून 'तुमचा छुपा पूर्वग्रह' सांगणारी १९९८ ची चाचणी. समूहाची सरासरी पाहायला ठीक. पण त्याच माणसाने महिन्याने दिली तर गुण बऱ्यापैकी हलतात, तेव्हा एकेकाला शिक्का मारायला ती वापरू नये.

आता माझा आक्षेप. झटकन बनलेलं मत म्हणजे चुकीचंच, असा सूर वर्गात लागू देऊ नका. दुकानदार उठून विचारतील, 'मग धंदा कसा करायचा?' आणि त्यांचं बरोबर असेल. इकडे तंबाखूचं पान चुरगाळून, वास घेऊन प्रत सांगणारे जुने व्यापारी आहेत. ते सेकंदात सांगतात आणि सहसा चुकत नाहीत. कानेमन आणि क्लाइन हे दोघे मानसशास्त्रज्ञ अशा झटपट मतांबाबत एरवी विरुद्ध टोकाचे, पण २००९ मध्ये त्यांनी मिळून लिहिलं की आतल्या आवाजावर भरवसा ठेवायला दोन अटी लागतात. बाहेरच्या जगात काही नियमितपणा हवा, आणि आपण चुकलो की बरोबर ते लवकर आणि वारंवार कळायला हवं. तंबाखूत दोन्ही आहेत.

माणसांच्या बाबतीत दुसरी अट तुटते. कंडक्टरचंच घ्या. 'हा बिनतिकीट असणार' असं वाटलं त्याचंच तिकीट त्याने तपासलं, तर पकडलेले लक्षात राहतात. ज्यांच्यावर संशय आला नाही आणि जे बिनतिकीट उतरून गेले, त्यांची नोंद कुठेच होत नाही. वीस वर्षं नोकरी केली तरी डोळा तयार होत नाही, खात्री तेवढी वाढत जाते. कर्ज नाकारलेल्याचंही तेच. त्याने फेडलं असतं की नाही हे कधीच कळत नाही.

आणखी एक, कर्नाटकातलंच. जोन मिलर यांनी १९८४ मध्ये शिकागो आणि म्हैसूर इथल्या लोकांना ओळखीच्यांच्या वागण्याची कारणं विचारली. अमेरिकी प्रौढ स्वभावावर बोट ठेवत. म्हैसूरचे प्रौढ परिस्थिती, नाती, कुणाचं कुणाशी काय लागतं, हे जास्त सांगत. आठ वर्षांच्या मुलांत हा फरक जवळपास नव्हता, तो वयाबरोबर रुंदावत गेला. पुस्तकांत 'माणूस स्वभावालाच दोष देतो' असं जणू निसर्गनियमासारखं लिहिलेलं असतं, तेव्हा हा अभ्यास हाताशी असू द्या. मात्र 'आपण भारतीय तसे नाही' म्हणून पाठ थोपटायलाही जाऊ नका. डोकं दुसऱ्या कामात गुंतलं की परिस्थिती लक्षात घेणं आधी सुटतं. गिल्बर्ट यांच्या १९८८ च्या प्रयोगात अस्वस्थ दिसणाऱ्या बाईची मुकी फीत दाखवली. तिला लाजिरवाण्या विषयांवर बोलायला लावलंय हे पडद्यावर लिहिलेलं होतं. ज्यांना ते विषय पाठ करायला सांगितले त्यांनी विषय नीट पाठ केले, आणि तरी 'बाई मुळातच घाबरट' असंच मत दिलं. कारण हातात होतं, ते वापरायला सवड नव्हती. नाडकचेरीत (महसूल खात्याच्या स्थानिक कचेरीत) सर्व्हर बंद पडलाय, पुढे चाळीस जण उभे आहेत, अशा वेळी खिडकीच्या आतल्याचं बाहेरच्यांबद्दल आणि बाहेरच्यांचं आतल्याबद्दल काय मत होत असेल, ते यावरून ताडा.

वडगाव_वाचक

सगळ्यांचे आभार. चिठ्ठ्या आणि पायऱ्या नक्की. आवाजाचं ध्वनिमुद्रण जमलं तर. शेवटचा प्रश्न राहिला, मुलाखत. पाच जणांची समिती, दहा-बारा उमेदवार, एकच दिवस. अध्यक्ष ज्येष्ठ आहेत, त्यांच्यापुढे कुणी बोलत नाही.

खानापूर_नाका

अध्यक्ष ज्येष्ठ असणं हीच पहिली दुरुस्तीची जागा. मत आधी चिठ्ठीवर, तोंडाने नंतर. आणि बोलायची पाळी आलीच तर सगळ्यांत कनिष्ठापासून. हे अध्यक्षांनाच जाहीर करायला सांगा, म्हणजे त्यांचा मानही राहतो.

बाकीची पद्धत कानेमन यांनी १९५० च्या दशकात इस्रायली सैन्यासाठी बसवली तीच. सहा गुण ठरवा, शक्यतो एकमेकांत न मिसळणारे. कारकुनासाठी उदाहरणार्थ: हिशेबाची अचूकता, नोंदी वेळेवर ठेवणं, रागावलेल्या सभासदाशी बोलणं, कन्नडमधलं कामकाज, मराठीतलं कामकाज, रोख हाताळण्याची शिस्त. प्रत्येकाला दोन प्रश्न, सगळ्या उमेदवारांना तेच आणि त्याच क्रमाने. एका गुणाचे प्रश्न संपले की १ ते ५ मधला आकडा तिथल्या तिथे लिहायचा आणि मगच पुढे जायचं. मागे जाऊन आकडा खोडायचा नाही. सहा झाले की बेरीज. मग शेवटी, डोळे मिटून, 'एकंदर माणूस कसा वाटतो' याचा सातवा आकडा. तो आतला आवाज फेकून द्यायचा नाही, फक्त रांगेत शेवटी उभा करायचा. कानेमन यांना हा शेवटचा आकडाही उपयोगी ठरल्याचं आढळलं, पण तो सहा गुण वेगळे पाहून झाल्यावर दिलेला होता म्हणून.

क्रमाला एवढं महत्त्व का, तर थॉर्नडाइक यांनी १९२० मध्ये दाखवलं होतं की सैन्यातले अधिकारी हाताखालच्या माणसाच्या बांध्याला, बुद्धीला आणि स्वभावाला वेगवेगळे गुण देतात असं म्हणतात खरे, पण ते गुण नको तितके एकमेकांना धरून चालतात. एका गोष्टीचा उजेड बाकीच्यांवर पडतो. आपल्याकडे तो उजेड बहुतेक वेळा पहिल्या वाक्याच्या हेलाचा आणि आडनावाचा असतो.

म्हणून भाषेला वेगळा रकाना दिला. बोलण्यावरून कन्नड किती येतं ते ठरवू नका. खरंच कन्नड चलन भरायला द्या, दहा मिनिटं, आणि चुका मोजा. मराठी अर्जाचंही तसंच. चार चुका म्हणजे चार चुका, त्यात 'आपला-त्यांचा' शिरायला फट राहत नाही. लेखी परीक्षा असेल तर सगळ्यांचा पहिला प्रश्न आधी तपासा, मग सगळ्यांचा दुसरा. एका उमेदवाराचा अख्खा पेपर सलग नको. नावावर कागद चिकटवा.

अडचण एकच येते. समितीला हे रुक्ष वाटतं आणि तिसऱ्या उमेदवारापासून 'जरा गप्पा मारूया' सुरू होतं. 'गाव कुठलं, वडील काय करतात' इथूनच गाडी रुळावरून घसरते. तसे प्रश्न विचारायचेच असतील तर सातवा आकडा लिहून झाल्यावर, चहाबरोबर.

आकडेमोड

दहा मिनिटं शिल्लक राहिली तर हे एक गणित. मूळ टॅक्सीचं, कानेमन-ट्वर्स्कींचं. बसचं करून घ्या.

रात्री हायवेवर एक बस दुचाकीला धडक देऊन निघून गेली. समजा त्या रस्त्यावर रात्री १०० बसगाड्या जातात, ८५ कर्नाटकच्या, १५ महाराष्ट्राच्या. साक्षीदार म्हणतो महाराष्ट्राची होती. तसल्याच उजेडात त्याची परीक्षा घेतली तर १०० पैकी ८० वेळा बरोबर ओळखतो. बस महाराष्ट्राची असण्याची शक्यता किती?

बहुतेक जण ८० टक्के लिहितील. फळ्यावर मोजणी करा. १५ महाराष्ट्राच्या, त्यांतल्या १२ तो बरोबर सांगेल. ८५ कर्नाटकच्या, त्यांतल्या १७ त्याला चुकून महाराष्ट्राच्या वाटतील. 'महाराष्ट्राची' असं तो २९ वेळा म्हणेल आणि त्यांतल्या १२ खऱ्या. ४१ टक्के. टक्क्यांत मांडलं तर पदवीधरही अडखळतात, गाड्या मोजल्या तर पीयूसीची मुलं करतात. मानसशास्त्रज्ञ गिगरेन्झर यांचा आग्रह नेमका हाच आहे की टक्के देऊ नका, नग द्या.

अर्ध्या कागदांवर राज्यांची अदलाबदल करून द्या, ८५ महाराष्ट्राच्या आणि साक्षीदार म्हणतो कर्नाटकची. आकडे तेच राहतात. दोन्ही ढिगांतली उत्तरं वेगवेगळी मोजा. कागदावर कोपऱ्यात छोटी खूण आधीच करून ठेवा, नाहीतर गोळा करताना ढीग एकत्र होतात.